दिलेल्या टपालाची पेटी

माझं नाव कौतिक. शिरपुरात सगळे नाना म्हणतात. बस स्टॅण्डच्या मागे माझा छोटा गाळा आहे. आत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि फिरतो कमी, कुरकुरतो जास्त असा एक पंखा. त्याआधी चौतीस वर्षं मी टपाल खात्यात काढली. सातपुड्याच्या पायथ्याचे पाडे सायकलवर पालथे घातले आणि एकही पत्र हरवू दिलं नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, बढाई म्हणूनच सांगतो. काय म्हणणं आहे?

रिटायर झालो आणि बघतो तर काय, पत्रं सगळी मेलवर यायला लागली. पाड्यात मोबाईलला रेंज नाही, पोरांकडे धड मोबाईल नाही, आणि कॉलेजवाले म्हणतात ईमेल टाका. कुठून टाकतील? मग मी पुढे झालो. एकेका पोराचा ईमेल मी उघडून दिला. पासवर्ड माझ्या वहीत, मोबाईल नंबर माझा. चार वर्षांत दीडशेच्या वर पोरं झाली. रोज सकाळी मी एकेकाची पेटी उघडायचो, आलेल्या मेलची प्रत काढायचो, घडी घालून वर नाव टाकायचो आणि बाजाराच्या दिवशी ज्याचं त्याच्या हातात द्यायचो. सही घ्यायचो, सही येत नसेल त्याचा अंगठा. पोच घेतल्याशिवाय टपाल सोडायचं नाही, हा खात्याचा नियम मी गाळ्यातही पाळला.

आता दिलेला मेल समोरच्या यादीत पडून राहिला तर उद्या गोंधळ होणार की नाही? पुसून टाकायचं बटण होतं, पण टपाल नष्ट करणं माझ्या हातून व्हायचं नाही, तसा हातच वळत नाही. शेजारीच उद्गारचिन्हाचं एक बटण होतं. ते दाबलं की मेल समोरून उठायचा आणि वेगळ्या पेटीत जाऊन बसायचा, तीस दिवस तिथेच राहायचा. मी म्हटलं, वा! ही झाली दिलेल्या टपालाची पेटी. मोठ्या अक्कलहुशारीने मी चार वर्षं तेच बटण दाबत आलो.

आता रुपाचं सांगतो. रुपा पावरा, वरच्या आदिवासी पाड्यातली, सोनीबाईची पोरगी. बारावीला असे मार्क पडले की शाळेतले सर स्वतः पेढे घेऊन गाळ्यावर आले. तिला नर्स व्हायचं होतं. पाड्यात बाळंतपणाला जी नर्सबाई येते तिला पावरी बोली येत नाही, आणि अडलेल्या बाईला मराठी सुचत नाही. हे रुपानं लहानपणापासून बघितलेलं. धुळ्याच्या एका नर्सिंग कॉलेजात तिचा फॉर्म मी स्वतः भरला. यंदा नंबर लागला तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतर मामा तिला मजुरीला गुजरातेत नेणार, हे घरात ठरलेलं. आणि एकदा मजुरीला गेलेली पोरगी पुस्तकाकडे परत येत नाही, हे मी किती घरांत बघितलंय.

त्यामुळे दर बाजारी सोनीबाई गाळ्यावर यायची. मोहाची फुलं, डिंक असलं काही विकून झालं की टोपली खाली ठेवायची आणि पत्र आलं का, असं अहिराणीत विचारायची, "भाऊ, कागद उना का?"

"नही उना, सोनीबाई."

"बरं. तुना हातमा शे ना बठ्ठं, मंग माले काय चिंता?"

सगळं तुझ्या हातात, असं कोणी म्हटलं की छाती फुगते हो माणसाची. माझीही फुगायची.

एका शुक्रवारी सकाळी मोनाली आली. गावातलीच पोरगी, बाप किराणावाला, हातात स्वतःचा मोबाईल. "नाना, ॲडमिशनच्या पत्राची प्रिंट द्या. धुळ्याच्या नर्सिंगला माझं झालं."

"कधी झालं?"

"मेल सोमवारी आला होता. काल पाचच्या आत होकार द्यायचा होता, दिला मी."

मोनालीपेक्षा रुपाला बावीस मार्क जास्त. मी तिच्या समोरच रुपाची पेटी उघडली. काहीच नाही. वर-खाली केलं, बंद करून पुन्हा उघडली. कोरी. मोनालीला पत्र येतं आणि रुपाला येत नाही? का? आडनाव पावरा दिसलं म्हणून? तळपायाची आग मस्तकात गेली. मोनालीला प्रिंट दिली, गाळ्याचं शटर ओढलं आणि मिळाली ती धुळ्याची एसटी पकडली. नरडाण्यापर्यंत मी मनातल्या मनात भांडणाची उजळणी करत होतो, पुढे तर मोठ्याने करायला लागलो. शेजारचा प्रवासी उठून दुसरीकडे जाऊन बसला.

कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीमागे एक बाई बसली होती. तिशीची असेल, चष्मा, खांद्यावर ओढलेली ओढणी, टेबलावर कागदांचे चार गठ्ठे. पाटीवर नाव दिपमाला. मी नमस्कार-बिमस्कार काही केला नाही. सरळ सुरू झालो. तुम्ही लोक खुर्चीवर बसून गरिबाच्या पोरीचं वाटोळं करता, पत्र पाठवत नाही, वर तारीख संपली म्हणता, ही कुठली रीत? रांगेतली पोरं मागे सरकली. शिपाई पुढे आला. तिनं त्याला हातानंच थांबवलं आणि माझं सगळं ऐकून घेतलं.

मी दमून थांबल्यावर म्हणाली, "बाबा, पाणी घ्या. मुलीचं नाव?"

"रुपा पावरा. शिरपूर."

तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवला. "हे बघा. सोमवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी मेल गेलाय. बुधवारी पुन्हा गेलाय. आणि तीन वेळा फोनही केलाय मी. हा नंबर." तिनं नंबर वाचला. नंबर माझाच! "तिन्ही वेळा एक गृहस्थ 'आम्हाला विमा नको बाई, पुन्हा फोन केलास तर याद राख' म्हणाले आणि ठेवून दिला."

अनोळखी नंबर आला की मी असाच ओरडतो, ती सवयच आहे माझी.

"आवाज मी आत्ताच ओळखला," ती म्हणाली. हसली नाही हो, मोठेपणा बघा तिचा. मी असतो तर खिडकीतून बाहेर येऊन हसलो असतो.

"फोनचं सोडा," मी म्हटलं, कारण हार मानायची तर माझ्या रक्तात नाही. "मेल आलाच नाही. मी रोज बघतो. आजही बघितला."

"स्पॅममध्ये बघितलं?"

"ती कुठली पेटी?"

"डाव्या बाजूला. नको असलेले, फसवे मेल जातात ती. उद्गारचिन्ह असतं बघा तिला."

"हट्! ती तर दिलेल्या टपालाची पेटी," मी म्हटलं. "तिथे काय बघायचं? ते सगळं वाटून झालेलं असतं."

दिपमालाचा हात माऊसवर तसाच राहिला. तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग अगदी हळू विचारलं, "बाबा, ती पेटी तुम्ही कशी भरता, मला नीट सांगाल का?"

मी सांगितलं. अभिमानानं सांगितलं! प्रत काढतो, पोच घेतो, मग ते बटण दाबतो. दीडशे पोरांची व्यवस्था एकटा बघतो. ती ऐकत होती आणि मला वाटत होतं बाई खूश झाली.

तिनं खिडकीवर 'दहा मिनिटे' अशी पाटी लावली आणि मला आत बोलावून खुर्ची दिली. रुपाची पेटी तिथल्याच कॉम्प्युटरवर उघडायला लावली, पासवर्ड मला पाठच होता. डाव्या बाजूची ती पेटी दाबली. सोमवारचा मेल तिथे. बुधवारचा मेल तिथे. दोन्ही न उघडलेले. मी ते बघत बसलो.

"ते बटण म्हणजे तक्रार असते, नाना," ती म्हणाली. मला सगळे नाना म्हणतात हे मीच बोलता बोलता सांगितलं होतं, तेव्हापासून तिनंही नाना म्हणायला सुरुवात केली. "हा मेल पाठवणारा फसवा आहे, अशी तक्रार. एकानं केली तर काही होत नाही. पण तुमची दीडशे पोरं, त्यातली साठ-सत्तर आमच्याकडे फॉर्म भरणारी, प्रत्येकाच्या प्रत्येक मेलवर तक्रार. चार वर्षं. मग मेलची कंपनी म्हणते, हे कॉलेज काही धड दिसत नाही, याचं टपाल परस्पर तिकडेच टाका. शिरपूरच्याच नाही, जामनेरच्या, पाचोऱ्याच्या पोरांचंही. जी पोरं स्वतःच्या मोबाईलवर ती पेटीही चाळतात, त्यांनाच ते सापडतं."

अरे देवा! ज्याने चौतीस वर्षं एक पत्र हरवू दिलं नाही, त्याने कॉम्प्युटरवर बसून अख्ख्या खान्देशाची पत्रं बुडवली. मी आलो होतो दुसऱ्याला चोर म्हणायला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

"तुला कळलं नाही हे?" मी विचारलं. आता मी तिला अहो-जाहो करायचं विसरलो होतो.

"तक्रारींचा आकडा दिसतो, करणारा दिसत नाही." तिनं ड्रॉवरमधून एक जाड वही काढली. दोन वर्षांपासून तिनं एकटीनं काय काय केलं होतं ते त्यात. कॉलेजच्या मेलला ओळखपत्र लावून घेतलं होतं, म्हणजे दुसरा कोणी कॉलेजच्या नावाने पाठवू शकणार नाही आणि कंपनीला खात्री पटेल. त्यासाठी पुण्याच्या कोणा माणसाच्या मागे ती पाच महिने लागली होती. चारशे पोरांना एकदम जाणारा मेल चाळीस-चाळीसचा केला होता. प्राचार्यांना लाल अक्षरं आणि तीन-तीन उद्गारचिन्हं फार प्रिय, 'अत्यंत तातडीचे!!!' असं, तर त्यांच्याशी वाद घालून तिनं ते बंद करवलं होतं. 'रुपा, तुझ्या प्रवेशाबाबत' असं साधं, ज्याचं त्याच्या नावानं लिहायला लागली होती. आणि एवढं करूनही ज्यांचं उत्तर यायचं नाही त्यांना रोज ऑफिस सुटल्यावर एकेकाला फोन. पानंच्या पानं नावं होती, पुढे खुणा. माझ्या नंबरापुढे तीन खुणा आणि 'विमा' असं लिहिलेलं.

"मला वाटायचं," ती म्हणाली, "पोरांना आमच्या कॉलेजचा राग आहे. एवढ्या तक्रारी कोण उगाच करतं? मी विचार करायची, आपलं काय चुकलं असेल."

हे ऐकून मला खरंच रडू आलं. खोटं कशाला सांगू? ओरडली असती तर बरं झालं असतं. मी नोकरीत भले भले पोस्टमास्तर बघितले, पण कोणी न सांगता, कोणी न बघता, दुसऱ्याचं पत्र पोहोचावं म्हणून इतकी झिजणारी बाई मी बघितली नव्हती. माझ्याच बिरादरीची होती ती, माझ्याहून कितीतरी पुढची.

पण काम रुपाचं होतं. "ताई, मग आता टाक की तिचं नाव," मी म्हटलं. "चूक माझी, पोरीची नाही. कालचीच तर तारीख. कोणाला कळतंय?"

"नाही, नाना."

"अगं, एक ओळ टाकायची!"

"आज रुपासाठी तारीख सरकवली तर उद्या कोणाच्याही सांगण्यावरून सरकेल. मग ज्यांच्यासाठी सांगायला कोणी येत नाही ती पोरं मागे पडतील. ती रुपासारखीच असतात." माझा संताप पुन्हा वर आला. तिनं पुढे सांगितलं, "ज्यांनी होकार दिला नाही त्यांच्या एकोणीस जागा उरल्यात. सोमवारी अकराला दुसरी यादी. रुपाचं नाव त्यात वरतीच येईल. एका दिवसाची मुदत. तेवढ्यात तिचा होकार आला पाहिजे, नाहीतर यंदाचं संपलं."

"आणि तो मेल पुन्हा त्या पेटीत पडला तर?"

"म्हणून दोन दिवस आहेत आपल्याला," ती म्हणाली. "गेलेली पत एका दिवसात परत येत नाही. पण प्रत्येक पोराच्या आपापल्या पेटीला आपण सांगू शकतो की हा माणूस ओळखीचा आहे. पडलेला मेल उघडायचा, 'स्पॅम नाही' दाबायचं, आमचा पत्ता जपून ठेवायचा आणि आम्हाला एक ओळ उत्तर लिहायचं. उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. ज्याला माणूस उत्तर लिहितो त्याला कंपनी फसवा म्हणत नाही. जामनेर-पाचोऱ्याच्या पोरांना मी फोन करते. शिरपूरची तुमच्याकडे."

"आत्ता गाळ्यावर जातो आणि सगळ्यांचं करून टाकतो. वही आहे माझ्याकडे."

"नाही नाना, त्यांना बोलवा. त्यांचं त्यांनी करू द्या. नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा तुमच्याच एका बटणावर सगळ्यांचं नशीब." असं तोंडावर बोलायला जिगर लागते, आणि तिच्यात ती होती.

शनिवारी सकाळी काळीपिवळीत बसून पाड्यावर गेलो. शेवटचा चढ पायी. सोनीबाई दारात ज्वारी पाखडत होती. मला बघून सूप बाजूला ठेवलं, चेहरा उजळला. "भाऊ, कागद उना?"

"उना व्हता, सोनीबाई. सोमवारलेच उना व्हता. मनी चूक शे." आणि मग मी सगळं सांगितलं. बटण, पेटी, फोन, विमा. काही लपवलं नाही.

तिनं मला पाण्याचा तांब्या दिला. मग म्हणाली, "माले काय सांगस भाऊ? कागद मना नही, पोरगीना शे. तिले सांग."

रुपा आतच उभी होती, सगळं ऐकून. सोळा-सतरा वर्षं मी त्या पोरीला बघतोय, कधी मोठा आवाज नाही तिचा. त्या दिवशी आला. "नाना, पत्र यायचं तुमच्याकडे, उघडायचे तुम्ही, वाचायचे तुम्ही, मला घडी करून द्यायचे तुम्ही, आणि कुठल्या पेटीत ठेवायचं तेही तुम्हीच ठरवायचे. मग त्यात माझं काय होतं? नुसतं नाव?"

वडीलधाऱ्या माणसाला असं बोलतात का, असं माझ्या ओठावर आलं होतं. ते मी गिळलं. कारण खात्यात असताना मी कोणाचं पाकीट कधी फोडलं नव्हतं. एका मास्तरने बायकोला आलेलं पत्र मागितलं तर मी त्याच्याशी भांडलो होतो. आणि इथे चार वर्षं दीडशे पोरांची पाकिटं रोज सकाळी चहा पिता पिता फोडत होतो, आणि वर छाती फुगवत होतो. कोणी मला अडवलं नाही, कारण मी नाना.

"चुकलो, पोरी," मी म्हटलं. "मला शिव्या दे, पण उद्या शिरपूरला ये. आणि बाकीच्यांनाही घेऊन ये. तू सांगितलंस तर येतील."

मी खाली उतरलो तेव्हा मला माहीत नव्हतं ती येईल की नाही. घरी आलो आणि जेवण गेलं नाही.

रविवारी साडेनऊला गाळ्यासमोर जीप थांबली. टपावरसुद्धा पोरं! रुपा पुढे, मागे बादल, गोपाल, अजून वीस-एक. ती माझ्याकडे बघत नव्हती, पण आली होती. मी वहीचं एकेक पान फाडून ज्याच्या त्याच्या हातात दिलं. पासवर्ड तुझा, पेटी तुझी, बस खुर्चीवर. मी मागे उभा राहिलो, हात पाठीमागे बांधून. तोंड मात्र बांधता येईना. "अरे तिकडे नाही, डावीकडे! डावा हात कोणता तुझा?" बादल म्हणाला, "नाना, तुम्ही बाहेर चहा पिऊन या." सगळे हसले. मी खरंच बाहेर गेलो.

एकेकानं पडलेला मेल उचलला, पत्ता जपून ठेवला, एक ओळ लिहिली. मजा म्हणजे दर उत्तराला पाच मिनिटांत दिपमालाताईचं उत्तर यायचं. रविवार! सुट्टीचा दिवस! आणि छापील नाही हो, वेगवेगळं. बादलनं लिहिलं, 'मेल मिळाला, आमच्याकडे पाऊस नाही.' तिनं लिहिलं, 'धुळ्यातही नाही. उद्या अकराला पेटी बघ.' पोरं दुसऱ्याच्या खांद्यावरून डोकावून वाचत होती. आजवर कॉलेजनं त्यांना सूचना पाठवल्या होत्या, उत्तर कधी दिलं नव्हतं. दुपारी मी तिला फोन केला, म्हटलं ताई, जेवलीस का? म्हणाली, "पाचोऱ्याची सात पोरं राहिलीत नाना, मग जेवते." अशा बाईला काय म्हणायचं? मी नुसतं बरं म्हटलं आणि ठेवला.

सोमवारी दहा वाजल्यापासून रुपा खुर्चीवर बसलेली. सोनीबाई दाराशी, टोपली न आणता आलेली, त्यामुळे तिला हात कुठे ठेवावे कळत नव्हतं. अकरा वाजले. काही नाही. अकरा पाच. रुपानं त्या दुसऱ्या पेटीत बघितलं, तिथेही नाही. मनात म्हटलं, कौतिक, ही पोरगी मजुरीला गेली तर तू उद्यापासून या गाळ्याचं कुलूप उघडू नकोस.

अकरा वाजून बारा मिनिटांनी यादीच्या वरती एक काळी ठळक ओळ आली. समोरच्या पेटीत, जिथे यायला पाहिजे तिथेच. 'रुपा, तुझ्या प्रवेशाबाबत.'

मी अर्धा पुढे झालो आणि जागीच थांबलो. पत्र तिचं होतं. तिनं ते उघडलं, आधी मनात वाचलं, ओठ हलत होते. मग आईकडे वळून पावरीत काहीतरी म्हणाली. मला ती भाषा थोडी कळते, पण ते कळून घ्यायचं काम माझं नव्हतं. सोनीबाई मटकन पायरीवर बसली आणि पदरात तोंड घालून हुंदके द्यायला लागली. रुपानं होकाराचं बटण दाबलं. माझ्या फोनवर आकडे आले, ते मी तिला वाचून दाखवले, दोनदा चुकीचे वाचले, तिसऱ्यांदा तिनं फोनच माझ्या हातातून घेतला. झालं. 'आपला प्रवेश निश्चित झाला आहे.'

सव्वा वाजता माझा फोन वाजला. धुळ्याचा नंबर. या वेळी मी ओरडलो नाही.

"नाना, एकोणीसच्या एकोणीस होकार आले," दिपमालाताई म्हणाली. "दोन वर्षांत पहिल्यांदा मला आज कोणाला फोन करावा लागला नाही."

"मग हा कशाला केलास?"

"तुम्हाला सांगायला," ती म्हणाली आणि हसायला लागली. मीही हसलो. म्हटलं, "ताई, आता जाऊन जेव. वरिष्ठांचा हुकूम समज." ती म्हणाली, "हो साहेब."

रुपा अजून खुर्चीवरच होती. स्क्रीनकडे बघत काहीतरी शोधत होती. शोधून झाल्यावर माझ्याकडे वळली. शनिवारनंतर पहिल्यांदाच सरळ डोळ्यांत बघून बोलली.

"नाना, तिकडे तोंड करा."

"का गं?"

"पासवर्ड बदलायचाय."

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मागे की-बोर्डचा आवाज येत होता, एकेक अक्षर थांबून थांबून. पायरीवर सोनीबाईचं नाक ओढणं चालू होतं. बराच वेळ गेला. मी मान वळवली नाही.

"झालं नाना."

"काय ठेवलास?" चार वर्षांची सवय, तोंडातून निघूनच गेलं.

रुपा हसली. खळखळून हसली, पण सांगितलं नाही. शाब्बास पोरी, अजिबात सांगू नकोस.